गुरुजी, आवाहन जरूर करा. पण त्या इंजेक्शनसाठी नको

सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचं पत्र आलं आहे. त्यांची नात नऊ वर्षांची. चौदा महिन्यांपूर्वी तिला टाइप १ मधुमेह निघाला. तिचा मामा सॅन होजेला असतो. कॅलिफोर्नियात मधुमेही मुलांच्या आईबापांनी सह्या गोळा करून स्टेम सेल संशोधनाला सरकारी पैसा मिळवून दिला, असं त्याने फोनवर सांगितलं. तेवढ्यावर गुरुजींनी ‘जनतेस जाहीर आवाहन’ असा दोन पानांचा मसुदा तयार केला. सोबत एका खासगी केंद्राचं माहितीपत्रक जोडलं आहे: स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, साडेचार लाख रुपये. मसुदा तपासून द्यावा आणि डॉक्टर म्हणून पहिली सही माझी असावी, अशी त्यांची विनंती आहे.

गुरुजी, नमस्कार.

मसुदा दोनदा वाचला. अक्षर आणि भाषा दोन्ही अशी की आमच्या ओपीडीतल्या सिस्टरनेही मागून घेऊन वाचला. तरी या मसुद्यावर मी सही करणार नाही. कारण पहिल्या पानावर तुम्ही ‘संशोधनास पाठबळ द्या’ म्हणता, आणि दुसऱ्या पानावर त्या केंद्राच्या खात्याचा नंबर देता. या दोन गोष्टी एका कागदावर नांदू शकत नाहीत. संशोधन चालू आहे याचा अर्थ उत्तर अजून हाती आलेलं नाही. आणि ते केंद्र तर उत्तर पावतीसकट विकतंय.

आधी मामांनी सांगितलेली गोष्ट नीट लावून घेऊ, कारण ती खरी आहे आणि तिच्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

मानवी भ्रूणातल्या मूळ पेशी, म्हणजेच स्टेम सेल, प्रयोगशाळेत पहिल्यांदा वाढवल्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी, १९९८ साली. या पेशींपासून शरीरातली कुठलीही पेशी घडवता येईल, स्वादुपिंडातली इन्शुलिन करणारी बीटा पेशीसुद्धा, अशी आशा तेव्हापासून आहे. पण पेशी मिळवायला काही दिवसांचा भ्रूण मोडावा लागतो. त्याला तिकडे धार्मिक आणि नैतिक विरोध झाला. ९ ऑगस्ट २००१ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की त्या दिवसाआधी तयार झालेल्या पेशी-वाणांवरच्या (एका भ्रूणापासून घेऊन प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींवरच्या) कामालाच केंद्र सरकारचा पैसा मिळेल, नव्याला नाही. (त्या वेळच्या अधिकृत यादीत मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे सात आणि बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेचे तीन वाण होते. आपल्याकडे या विषयाची सुरुवात काही काल-परवाची नाही.)

आता दोन बाप बघा. एक हार्वर्डचे डग्लस मेल्टन. हे बेडकाच्या भ्रूणाचा विकास अभ्यासणारे जीवशास्त्रज्ञ. १९९१ मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला टाइप १ निघाला आणि त्यांनी बेडूक सोडून बीटा पेशी धरली. पुढे २००१ मध्ये चौदा वर्षांच्या मुलीलाही तोच आजार निघाला. सरकारी पैसा बंद, म्हणून त्यांनी खासगी पैशावर वेगळी प्रयोगशाळा चालवली, सतरा नवे वाण तयार केले आणि २००४ मध्ये ते इतर शास्त्रज्ञांना खुले केले. मानवी मूळ पेशींपासून साखरेला नीट दाद देणाऱ्या बीटा पेशी मोठ्या संख्येने करता येतात, हे त्यांच्या गटाने छापलं ते २०१४ मध्ये. म्हणजे मुलाचा आजार कळल्यापासून तेवीस वर्षांनी. दोन्ही मुलांच्या नावांतली अक्षरं जोडून त्यांनी ‘सेमा’ नावाची कंपनी काढली; ती २०१९ मध्ये व्हर्टेक्स या औषध कंपनीने ९५ कोटी डॉलरना घेतली.

दुसरे बाप रॉबर्ट क्लाइन. हे शास्त्रज्ञ नव्हेत, घरबांधणी व्यवसायातले वकील. मुलाला टाइप १, आई अल्झायमरने आजारी. कॅलिफोर्नियात नागरिकांनी पुरेशा सह्या जमवल्या तर कायद्याचा प्रस्ताव थेट मतदानाला टाकता येतो. क्लाइन यांनी तेच केलं. नोव्हेंबर २००४ मध्ये ‘प्रपोझिशन ७१’ सुमारे ५९ टक्के मतांनी मंजूर झालं आणि राज्याने तीन अब्ज डॉलरचे रोखे काढून संशोधन संस्था उभी करायचं ठरलं. लगेच कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या, त्यात २००७ उजाडलं. २०२० मध्ये पुन्हा साडेपाच अब्ज मागितले तेव्हा मतं मिळाली ५१ टक्क्यांच्या आसपास. सोळा वर्षांत लोकांचा उत्साह का आटला? माझ्या मते पहिल्या प्रचारातच घोळ झाला. जाहिरातींमध्ये आजारी माणसं दाखवली, बरं होणं हाताच्या अंतरावर असल्यासारखं बोललं गेलं. लोकांनी कर्ज काढून दिलं आणि उपचार कुठे आहे म्हणून वाट पाहत बसले.

तसंच रेगन कुटुंबाचं. मे २००४ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या पत्नी नॅन्सी रेगन यांनी आपल्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाच्या धोरणाविरुद्ध जाऊन या संशोधनाची जाहीर बाजू घेतली, तीही मधुमेही मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रमात. पुढच्याच महिन्यात रोनाल्ड रेगन गेले. त्या आवाहनाचा परिणाम मोठा झाला. पण रेगन यांचा आजार अल्झायमर, आणि मूळ पेशींनी आधी कुठला आजार आटोक्यात येईल या रांगेत अल्झायमर पार मागे होता, हे शास्त्रज्ञांना तेव्हाही माहीत होतं. कुटुंबाच्या दुःखात ताकद असते. ती ताकद नेमकी कुठे लावायची, हे मात्र दुःखाला कळत नाही. तुमच्या मसुद्यात हेच झालंय, म्हणून एवढं पाल्हाळ.

आपल्याकडे सह्यांनी कायदा मतदानाला जात नाही, तेव्हा मामांचा मार्ग जसाच्या तसा इथे चालणार नाही. दुसरा फरक त्याहून मोठा. अमेरिकेतल्या कुटुंबांची लढत भ्रूणाला हात लावू नका म्हणणाऱ्यांशी होती. आपल्याकडे त्यावरून कुणी रस्त्यावर उतरत नाही. आपल्याकडची लढत आहे ती न झालेला शोध विकणाऱ्यांशी.

आता त्या माहितीपत्रकाकडे येतो. गुळगुळीत कागद, आत हसरी मुलं, ‘स्वतःच्याच शरीरातील पेशी, त्यामुळे कोणताही धोका नाही’. कमरेच्या हाडातून मज्जा काढतात किंवा पोटाची चरबी घेतात, यंत्रात फिरवतात आणि त्याच दिवशी शिरेतून परत सोडतात. तिथे जाऊन तीन प्रश्न विचारा: या पेशी जातात कुठे? तिथे जाऊन होतात काय? आणि त्यांना मारायला टपलेली प्रतिकारशक्ती तोवर काय करत असते? मज्जेतल्या पेशी रक्त तयार करतात. शिरेतून सोडल्यावर त्या स्वादुपिंडात जाऊन इन्शुलिन करू लागतात, याला पुरावा नाही.

तिसरा प्रश्न खरा कळीचा. तुमच्या नातीच्या बीटा पेशी आपोआप संपलेल्या नाहीत, तिच्याच प्रतिकारशक्तीने मारल्या आहेत. ते मारेकरी अजून शरीरात आहेत. रानडुकरांनी भुईमूग उकरून नेला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वावरात पुन्हा बी टोकायचं आणि कुंपण घालायचं नाही, असा हा प्रकार. ज्यांनी खरं काम केलं त्यांचा अर्धा जीव या कुंपणापायीच गेला.

पत्रकाच्या शेवटच्या पानावर ब्राझीलच्या एका अभ्यासाचा उल्लेख आहे. तो अभ्यास खरा आहे. २००७ साली प्रसिद्ध झाला, पंधरा रुग्ण होते, त्यातल्या चौदांचं इन्शुलिन काही काळ सुटलं. पण त्यात आजार नुकताच निघालेल्या रुग्णांना आधी जबर औषधं देऊन त्यांची प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसून टाकली होती, मग त्यांच्याच मूळ पेशी परत दिल्या. परिणाम झाला तो बहुधा त्या औषधांचा, आणि पुढे बहुतेकांचं इन्शुलिन पुन्हा सुरू झालं. तुमच्या केंद्रात ती औषधं देतच नाहीत. नाव ब्राझीलचं घ्यायचं आणि करायचं काहीतरी भलतंच.

आता माझी एक चूक सांगतो, म्हणजे सही नाकारताना मी एवढा ताठ का, ते कळेल.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे अकरा वर्षांचा एक मुलगा होता. आजार निघून दोन महिने झालेले, दिवसाला अठरा युनिट इन्शुलिन चालू. आईवडिलांनी जमीन गहाण टाकून असल्याच एका केंद्रात इंजेक्शनं घेतली. मला आधी विचारलं होतं. ‘अपाय तर काही दिसत नाही, बघा तुमचं तुम्ही,’ असं काहीतरी गुळमुळीत बोललो. दवाखाना भरलेला होता, समजावत बसायला वेळ नव्हता. दीड महिन्यात त्याचं इन्शुलिन सहा युनिटवर आलं. घरात पेढे. त्या केंद्राच्या जाहिरातीत मुलाचा फोटो.

आता हे ध्यानात घ्या. टाइप १ निघाल्यावर इन्शुलिन सुरू केलं की उरल्यासुरल्या बीटा पेशींना विसावा मिळतो आणि काही आठवडे ते काही महिने, क्वचित वर्षभरही, गरज आपोआप कमी होते. आम्ही याला ‘हनिमून’ म्हणतो. जवळपास निम्म्या मुलांत तो कमीजास्त दिसतो, कुठल्याही इंजेक्शनाशिवाय. मुलाचा हनिमून चालू होता, एवढंच. सी-पेप्टाइड नावाची एक रक्ततपासणी असते. शरीर स्वतः किती इन्शुलिन करतंय ते तिच्यावरून कळतं. ती इंजेक्शनांच्या आधी कुणी केली नव्हती, नंतरही नाही. सात महिन्यांनी आईवडिलांनी उरलेलं सहा युनिटही बंद केलं. मुलगा उलट्या, धाप, तोंडाला फळासारखा वास अशा अवस्थेत पहाटे दाखल झाला. चार दिवस अतिदक्षता विभागात होता. वाचला. जाहिरात त्यानंतरही वर्षभर चालू होती.

तेव्हापासून ‘बघा तुमचं तुम्ही’ हे वाक्य मी वापरत नाही.

तुमच्या नातीला चौदा महिने झालेत. तिचा हनिमून बहुधा ओसरत आला असेल. डोस वाढतोय याने घरचे घाबरलेत, हे पत्रावरून कळतं. त्यात कुणाची चूक नाही, आजाराची चालच तशी आहे.

कायदाही तुम्हाला माहीत असावा. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च, म्हणजे आयसीएमआरच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन शब्द होते. २०१३ मध्ये त्यातला ‘उपचार’ मुद्दाम काढला आणि २०१७ च्या आवृत्तीतही तो नाही. त्यांचा सरळ अर्थ असा: रक्ताचे कर्करोग, थॅलेसेमिया, अप्लास्टिक अ‍ॅनिमिया अशा आजारांसाठीचं मूळ पेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार. बाकी सगळं संशोधन, आणि संशोधन म्हणजे परवानगी घेतलेली, नोंदवलेली चाचणी. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. शिवाय १९५४ च्या जादूई उपचारांच्या जाहिरातींविरुद्धच्या कायद्याच्या यादीत मधुमेहाचं नाव स्पष्ट आहे. तो बरा करतो अशी जाहिरात करणंच गुन्हा. तुमच्या हातातल्या पत्रकावर तक्रार करायची असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे करता येईल. मी सोबत येईन.

केंद्रवाले म्हणतील, ‘आमची चाचणीच आहे.’ मग नोंदणी क्रमांक मागा. आपल्याकडे २००९ पासून प्रत्येक औषध-चाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आगाऊ नोंद सक्तीची आहे, आणि ती कुणालाही फुकट बघता येते. क्रमांक मिळाला तर उघडून बघा: कुठल्या आजारासाठी, कुठल्या वयाच्या रुग्णांसाठी. मी एकदा असा क्रमांक उघडला तर चाचणी गुडघेदुखीची निघाली.

तुमच्या मसुद्यात ओझरता उल्लेख आहे की सूनबाईंना दिवस गेलेत आणि नाळेचं रक्त साठवणाऱ्या बँकेचा माणूस घरी येऊन गेला. थोडक्यात सांगतो: नातीच्या मधुमेहासाठी त्याचा उपयोग नाही, आणि पुढे स्वतःला लागेल म्हणून खासगी बँकेत पैसे भरून साठवण्याची शिफारस आयसीएमआरही करत नाही. घरात थॅलेसेमियाचं मूल असतं तर गोष्ट वेगळी होती. तो हप्ता वाचवा.

मग आशा कुठेच नाही का? आहे, आणि मेल्टन यांच्या वाटेनेच आली. जून २०२५ मध्ये व्हर्टेक्सच्या चाचणीचा अहवाल आला. मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत घडवलेल्या स्वादुपिंडाच्या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडल्या. पूर्ण मात्रा एकदाच मिळालेले बारा जण. वर्षभराने त्यांतल्या दहा जणांना इन्शुलिन लागत नव्हतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. पण पुढचंही वाचायला हवं. हे सगळे प्रौढ होते, शुगर जीवघेणी खाली जाते आणि जाताना कळतही नाही असे. सगळ्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कायमची चालू. चाचणीतले दोघे दगावले. त्यातल्या एकाला बुरशीमुळे मेंदूज्वर झाला होता आणि या औषधांवर असलेल्यांना असले संसर्ग गाठतात. दुसऱ्याला आधीपासूनच स्मृतीचा आजार होता. कुंपण म्हणून पेशी एका संरक्षक उपकरणात बंद करून बसवण्याची त्याच कंपनीची दुसरी चाचणी मार्च २०२५ मध्ये थांबवावी लागली, कारण त्यात पुरेसं इन्शुलिन तयार होत नव्हतं. चीनमध्ये एका पंचवीस वर्षांच्या तरुणीच्या स्वतःच्याच पेशी पुन्हा मूळ पेशींच्या अवस्थेत नेऊन, त्यांच्यापासून इन्शुलिनच्या पेशी करून पोटाच्या स्नायूत बसवल्या, आणि अडीच महिन्यांत तिचं इन्शुलिन सुटलं. पण यकृत प्रत्यारोपणामुळे ती आधीच प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर होती, त्यामुळे कुंपणाचा प्रश्न तिच्यावरून सुटत नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला इन्शुलिनच्या जागी ही औषधं देणं हा आज तोट्याचा सौदा आहे. ती वीस-बावीसची होईल तेव्हा तो फायद्याचा झालेला असू शकतो. तोवर तिचे डोळे, मूत्रपिंडं आणि नसा शाबूत ठेवायच्या, म्हणजे ती त्या रांगेत धडधाकट उभी राहील. साडेचार लाख रुपये त्यासाठी खर्च करा. आजच्या भावाने त्यात काही वर्षांच्या शुगर तपासायच्या पट्ट्या आणि इन्शुलिन येतं, किंवा शुगर मोजणारे, दंडावर लावायचे सेन्सर बरेच महिने चालतात.

आता मसुदा. पहिला परिच्छेद ठेवा, तो उत्तम आहे. मात्र नातीचं नाव आणि फोटो काढा. ती नऊ वर्षांची आहे; अठराव्या वर्षी तिचं नाव शोधणाऱ्याला हा कागद सापडेल, आणि तिच्या वतीने तो निर्णय तुम्ही घेतलेला असेल. आमच्या शिबिरातल्या एका मुलीने मला विचारलं होतं, ‘सर, पेपरात फोटो आला तर वर्गातल्यांना कळेल ना?’ तिचं शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. ती डबा खाण्याआधी बाथरूममध्ये जाऊन इन्शुलिन घ्यायची.

दुसरा परिच्छेद, ‘आमच्या कळीच्या देही नव्या पेशी रुजाव्यात’ इथपासून ‘सढळ हस्ते’ इथपर्यंत, पूर्ण काढा. खाते क्रमांकही. त्याजागी मागण्या लिहा, आणि त्या ज्याच्याकडे मागायच्या त्याच्याच नावाने. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालच्या टाइप १ रुग्णांची संख्या सव्वादोन लाखांहून जास्त आहे, जगात सर्वाधिक. खासदारांना भेटा आणि सांगा की लोकसभेत प्रश्न टाका: मूळ पेशींपासून बीटा पेशी घडवण्याच्या कामासाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि आयसीएमआर यांनी गेल्या पाच वर्षांत किती रक्कम दिली, कुठल्या संस्थेला, आणि त्यातून पुढे काय झालं? लेखी उत्तर आलं की ते रेकॉर्डवर राहतं. माझ्या दृष्टीने पाच हजार सह्यांपेक्षा ते वजनदार. काम करू शकतील अशा संस्था आपल्या दाराशी आहेत. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. परळच्या आयसीएमआरच्या संस्थेने मानवी भ्रूणपेशींचे स्वतःचे वाण तयार केले होते. माणसं आणि हात आहेत, सलग दहा-पंधरा वर्षं पुरेल असा पैसा लागतो. तोच मागा.

जिल्हा परिषदेकडे आणि आमदारांकडे वेगळी मागणी: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मुलांसाठी इन्शुलिन आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या बाराही महिने हव्यात. तुम्ही चाळीस वर्षं शाळेत काढली आहेत, तेव्हा आणखी एक मागणी तुमच्याच तोंडी शोभेल. परीक्षेत या मुलांना साखर, पट्टी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, आणि प्रत्येक शाळेत एका तरी शिक्षकाला शुगर खाली गेल्यावर काय करायचं ते शिकवावं. याला संशोधन लागत नाही.

लोकांकडून पैसे गोळा करायचेच असतील तर ते कुठल्याही एका मुलाच्या किंवा दवाखान्याच्या नावाने नकोत. सरकारी संशोधन संस्थेला देणगी देता येते. कुठल्या कामासाठी ते लेखी कळवा आणि पावती घ्या. ‘लवकरच बरे होतील’ हे वाक्य कुठेही येऊ देऊ नका. ‘आमच्या नातीला याचा उपयोग होईलच असं नाही, तरी हे काम व्हायला हवं,’ असं लिहाल तर त्याखाली माझी सही पहिली.

आणि गुरुजी, दुसऱ्या पानाच्या तळाला तुम्ही सहज लिहून गेलात की ‘अलीकडे पोर पहाटे घामाघूम होते, सकाळी मात्र शुगर तीनशेच्या घरात’. आवाहन आठवडाभर थांबू शकतं, हे थांबणार नाही. रात्री शुगर खाली जात असेल आणि सकाळी ती चढलेली बघून तुम्ही रात्रीचा डोस वाढवत असाल, तर उलटंच होतंय. आज आणि उद्या मध्यरात्री बारा, दोन आणि चार वाजता पट्टी लावा, आकडे वहीत लिहा. सत्तरच्या खाली दिसली तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. हाक मारून नीट जागी होत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. उद्या सकाळीच तुमच्या डॉक्टरांना फोन करून रात्रीच्या डोसचं विचारा, आणि वहीच्या पानांचा फोटो मला पाठवा.